डिस्क मोजली काय?

"चौदा हजार सातशे पन्नास," बाई कागदावरचा आकडा वाचून दाखवतात.

मिस्त्री फडक्याला हात पुसत विचारतो, "कशाकशाचं?"

बाई क्षणभर गप्प. काल संध्याकाळी सर्व्हिस सेंटरमध्ये हा कागद हातात पडल्यापासून त्यांनी बेरीज ताडून पाहिली आहे, शेजारी आकडा सांगून झाला आहे, रत्नागिरीच्या लेकीला फोन झाला आहे. निम्मे लोक म्हणाले, लुटतात मेले. उरलेले म्हणाले, ब्रेकच्या बाबतीत काटकसर नको बाई. कशाकशाचं, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. शेजारी म्हणून सोबत आलेला मीसुद्धा रिक्षात आकड्याबद्दलच बोलत होतो. गाडी लेकीच्या दिरानं पुढं आणून लावली आहे.

कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर. सकाळचे साडेनऊ वाजताहेत आणि शेजारच्या शेडमधली लेथ कधीच सुरू झाली आहे. समोर एका टेम्पोतून बिडाची कास्टिंग उतरवताहेत, एकेक भाग फरशीवर आपटला की बोलणं थांबवावं लागतं. मिस्त्री आधी शिरोलीच्या एका मशीन शॉपमध्ये होता, मग गॅरेज काढलं. त्यामुळे त्याच्या भिंतीवर पान्यांच्या रांगेबरोबर एका लाकडी पेटीत मायक्रोमीटर आहे. ही पेटी हाताखालच्या पोराला उघडायची परवानगी नाही.

गाडी छोटी हॅचबॅक. आठ वर्षांची, बासष्ट हजार किलोमीटर झालेली, पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम. गेल्या आठवड्यात आंबा घाट उतरताना ब्रेक दाबला की पुढून कुईं असा कर्कश आवाज यायला लागला, म्हणून बाईंनी गाडी दाखवली.

"आवाज ब्रेक दाबल्यावरच येतोय? का सोडल्यावर पण?"

"दाबल्यावर."

"पेडल थरथरतंय? स्टेअरिंग हलतंय?"

"नाही."

"गाडी एका अंगाला ओढती?"

बाई विचार करतात. "हो. अगदी थोडी."

मिस्त्री मान हलवतो आणि मग कागद हातात घेतो. माझ्या मते त्याचं निम्मं निदान इथेच झालं आहे. सर्व्हिस सेंटरमध्ये हे प्रश्न विचारले होते का, असं मी बाईंना विचारतो. "किलोमीटर किती झाले तेवढं विचारलं," त्या म्हणतात.

कागद नीट छापलेला आहे. पुढचे पॅड, एक सेट, १,७८० रुपये. पुढच्या डिस्क, दोन नग, प्रत्येकी २,३५०. मागचे शू १,३२०. ब्रेक फ्लुइड ३१०. क्लीनर आणि कन्झ्युमेबल्स ३९०. त्याखाली मजुरी: पॅड बदलणे ६५०, डिस्क बदलणे १,१००, शू बदलणे ७५०, ब्रेक सर्व्हिस ९००, फ्लुइड बदलणे ६००. भागांचे साडेआठ हजार, मजुरीचे चार हजार, आणि साऱ्यावर १८ टक्के जीएसटी. मिस्त्री आधी कर बघतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवरचा २८ टक्क्यांचा दर १८ वर आला आहे, कुणी जुनाच दर लावलाय का हे एका नजरेत कळतं. इथे दर बरोबर आहे.

"आता हे बघा," तो काळं बोट मजुरीवर ठेवतो. "डिस्क काढायची तर कॅलिपर काढायलाच लागतंय. कॅलिपर काढलं की पॅड हातात आलंच. मग पॅडचे साडेसहाशे आणि डिस्कचे अकराशे, हे दोन कामांचे पैसे का एकाच कामाचे?"

बाई पर्समधून पेन्सिल काढतात. तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाई आहेत. त्या ६५० च्या पुढे प्रश्नचिन्ह करतात, आणि विचार करून तसंच एक प्रश्नचिन्ह ९०० पुढेही करतात. "ब्रेक सर्व्हिस म्हणजे काय?"

"ते त्यांनाच विचारा. पण आधी चाक काढू."

पोरगं टॉमीनं नट सैल करतं, मग जॅक लावतं. क्रम महत्त्वाचा आहे, गाडी उचलल्यावर नट सोडायला गेलं की चाकच फिरतं. डावं चाक बाजूला होतं आणि डिस्क दिसते: मधला घासला जाणारा पट्टा चकचकीत, बाहेरच्या कडेला गंजाची बारीक उभी किनार. मिस्त्री कॅलिपरचा खालचा बोल्ट काढून ते वर उलटतो आणि दोन्ही पॅड उपसून बाईंच्या तळहातावर ठेवतो.

तळहातावरची ती दोन पॅड जुळी वाटत नाहीत. बाहेरच्याचं अस्तर चांगलं पाच मिलिमीटर आहे. आतल्याचं जेमतेम दोन. आतल्या पॅडला पत्र्याची एक छोटी वाकडी जीभ आहे, तिचं टोक घासून पांढरं झालंय. घाटात ओरडत होती ती हीच. अस्तर ठरावीक जाडीपर्यंत आलं की ही जीभ डिस्कला टेकावी आणि आवाज व्हावा, अशीच ती बसवलेली असते. म्हणजे आवाज हा बिघाड नव्हता, नेमून दिलेलं काम ती चोख करत होती.

"पॅड बदलायला पाहिजेत, त्यात त्यांचं खोटं न्हाई," मिस्त्री म्हणतो. "नवीन असतंय तेव्हा दहाएक मिलिमीटर असतंय. दोन-तीनवर आलं की संपलं. पण आतलं दोन आणि भायेरचं पाच, हे कसं काय झालं?"

प्रश्न बाईंना आहे. वर्गात असा प्रश्न त्यांनी हजारदा दुसऱ्यांना केला असेल. त्या कॅलिपरकडे वाकून बघतात. मिस्त्री ते हातानं पुढे-मागे सरकवायला बघतो. वरच्या बाजूनं थोडं हलतं, खालच्या बाजूला अडून बसतं. कॅलिपर दोन पिनांवर सरकत असतं. आतल्या बाजूचा पिस्टन आतलं पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच धक्क्यानं सगळं कॅलिपर मागे सरकून बाहेरचं पॅड ओढून घेतं. पिनच अडकली तर बाहेरचं पॅड ढिलं राहतं आणि आतलं एकटं झिजत बसतं. मिस्त्री पक्कड लावून खालची पिन पिळत पिळत बाहेर काढतो. वरचं रबराचं बूट फाटलेलं आहे, पिनेवर ग्रीसच्या जागी लाल-तपकिरी गंज. बाईंच्या गाडीनं आंबा घाटातले पावसाळे खाल्लेत, पाणी तिथूनच आत गेलंय.

मग तो पुन्हा कागद हातात घेतो आणि वरपासून खालपर्यंत बोट फिरवतो. पिन नाही. बूट नाही. पिनकिट कुठेच नाही.

इथे मला या सगळ्या प्रकरणाचा गाभा दिसायला लागतो. पावणेपंधरा हजारांच्या यादीत नवी डिस्क आहे, नवे शू आहेत, क्लीनरचे पैसे आहेत. पण पॅड ज्या कारणानं वेळेआधी गेलं ते कारण तिच्यात नाही. सगळं नवं घालून गाडी परत आली असती आणि आतलं पॅड पुन्हा एकटंच झिजलं असतं. महाग-स्वस्ताची घासाघीस करताना हे कधी लक्षात आलं नसतं, कारण जे लिहिलेलंच नाही त्याची किंमत कोण करणार?

उजव्या चाकाला चारेक मिलिमीटर अस्तर आहे, दोन्ही पॅडना जवळजवळ सारखं. "मग उजवीकडचे राहू देत की," बाई म्हणतात. मिस्त्री ठाम नाही म्हणतो. एका ॲक्सलचे चारही पॅड एकदम बदलायचे, नाहीतर दोन बाजूंची पकड वेगळी होते आणि गाडी ओढते.

आता लाकडी पेटी उघडते. पोरगं शेजारी पडलेलं व्हर्निअर उचलून पुढे करतं, मिस्त्री ते परत ठेवायला लावतो. डिस्कच्या बाहेरच्या कडेची गंजाची किनार झिजलेली नसते. व्हर्निअरचे जबडे त्या किनारीवर टेकतात आणि मधला पट्टा कितीही झिजला तरी जाडी भरपूर दिसते. मायक्रोमीटरची टोकं किनार टाळून थेट पट्ट्यावर बसतात. तो बारीक चकती टकटक आवाज येईपर्यंत फिरवतो, वाचतो, डिस्क थोडी फिरवतो, पुन्हा वाचतो. पोरगं खडूनं फरशीवर लिहितं. १६.२१. १६.२०. १६.२१. १६.२२. मग मिस्त्री डिस्कच्या आतल्या भागावरचा गंज पॉलिश पेपरनं घासतो आणि बाईंना मोबाईलचा उजेड पाडायला सांगतो. ओतीव अक्षरं उमटतात: किमान जाडी १५ मिलिमीटर.

"नवी असताना किती?"

"ह्या गाडीला सतरा."

बाई फरशीवरचे आकडे वाचतात. "म्हणजे दोनातली आठ दशांश गेली. निम्मीसुद्धा नाही. आणि चारही जागी सारखीच."

"सारखी नसती तर पेडल थरथरलं असतं. म्हणून तर आधी इचारलं."

एवढ्यावर डिस्कचा विषय संपायला हरकत नव्हती. पण बाईंच्या मनात सर्व्हिस सेंटरच्या माणसालाही बोलू द्यायचं आहे. त्या पंखा बंद करायला लावतात, फोन स्पीकरवर टाकतात. सर्व्हिस ॲडव्हायझर तरुण आहे, आवाज अदबीचा.

"मॅडम, कालचं एस्टिमेट ना? करून टाकूया आज?"

"एक विचारायचं होतं. डिस्कची जाडी किती भरली?"

थोडी शांतता. "मॅडम, साठ हजार झाले की डिस्क आपण बदलतोच."

"मोजली काय?"

"व्हिज्युअल इन्स्पेक्शन झालंय मॅडम. कडेला लिप आलेली आहे."

"ब्रेक सर्व्हिसच्या नऊशेमध्ये काय काय येतं?"

"क्लीनिंग, ग्रीसिंग, सगळं."

"पिनांची रबरं?"

"ती कॅलिपर किटमध्ये येतात मॅडम, ते वेगळं. लागलं तर खोलल्यावर सांगतो."

म्हणजे न खोलताच कागद छापला होता. बाई तसं बोलून दाखवत नाहीत. "बघून सांगते," म्हणून फोन ठेवतात. मला वाटतं आता मिस्त्री त्या ॲडव्हायझरचा उद्धार करणार. पण तो म्हणतो, "त्येचं काय चुकलं न्हाई बाई. माझा भाचा हाय असल्याच ठिकाणी. महिन्याचं टारगेट असतंय. गाडी रिसेप्शनला आली की किलोमीटर बघून यादी निघती." थोडं थांबून तो आणखी म्हणतो, "पण ते नऊशे ग्रीसिंग करून घेणार असतील तर नऊशे वाजवी हायत. माझ्याकडं पण त्या कामाला पैसे लागतातच."

मागचा ड्रम खोलायला दोन हातोड्या घालाव्या लागतात. आत भुरकट काळी पूड. पोरगं सवयीनं हवेच्या नळीकडे हात नेतं आणि मिस्त्री ओरडतो. जुन्या ब्रेक अस्तरांत ॲस्बेस्टॉस असायचं, अशी पूड हवेत उडवायची नसते. ओल्या फडक्यानं पुसायची. एवढं पाळणारी गॅरेजं मी फार बघितलेली नाहीत. पुसल्यावर शूचं अस्तर दिसतं, तीन मिलिमीटरच्या वर. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढं झुकतं, त्यामुळे बहुतेक काम पुढची चाकं करतात आणि मागचे शू निवांत टिकतात. हे एक मिलिमीटरपर्यंत चालतील. शूचे १,३२० आणि मजुरीचे ७५०, बाई दोन्हींवर आडवी रेघ मारतात.

फ्लुइडच्या बाबतीत मात्र कागद खरा निघतो. बॉनेट उघडल्यावर टाकीतलं फ्लुइड कोऱ्या चहासारखं दिसतं, नव्या बाटलीतलं जवळजवळ पाण्याच्या रंगाचं. मिस्त्रीकडे पेनासारखा टेस्टर आहे, तो टाकीत बुडवला की लाल दिवा लागतो. हे फ्लुइड हवेतली ओल शोषून घेतं. कोरडं डॉट ४ प्रतीचं फ्लुइड कमीत कमी २३० अंश सेल्सिअसला उकळतं, ओल मुरलेलं १५५ च्या आसपासही उकळू शकतं. घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला की उष्णता कॅलिपरमधून आत जाते, फ्लुइडमध्ये वाफेचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडा दबतो म्हणून पेडल खोल जातं. ते बदलायची मुदत बहुधा दोन वर्षांची असते. बाईंच्या गाडीत ते आठ वर्षांत बदलल्याची नोंद नाही.

"घाट उतरताना गिअर कुठला असतो?" मिस्त्री विचारतो.

"चौथा."

"ज्या गिअरनं चढता त्याच गिअरनं उतरा. हे फुकटातलं हाय, बिलात धरत न्हाई."

आता मिस्त्रीचा हिशोब. तो जुन्या डायरीचं पान फाडतो. पॅड, पिनकिट, फ्लुइड. पुढची मजुरी ७००, मागचं साफ करून हँडब्रेकसकट ॲडजस्ट ४००, ड्रम टर्निंग २५०, ब्लीडिंग ३००.

"ड्रम टर्निंग कशाला?" बाई विचारतात.

"कडेला रेघ आलीय. शेजारी लेथ हाय, दहा मिनिटांत एक हात मारून देतो."

"मोजला काय?"

मिस्त्री त्यांच्याकडे बघतो. पोरगं तोंड फिरवून हसतं. ड्रमच्या अंगावरही मर्यादा ओतलेली असते, फक्त उलटी: तो झिजला की आतला व्यास वाढतो. इथे कमाल १८२ लिहिलंय. आतून मोजल्यावर १८०.६ भरतो. टर्निंग केलं तर चालणाऱ्या ड्रमचं बीड उगाच कापलं जाणार. मिस्त्री काही न बोलता २५० वर काट मारतो, आणि मला तो त्याच क्षणी जास्त भरवशाचा वाटायला लागतो.

पोरगं सायकलवरून जाऊन पॅडची दोन खोकी आणतं. एक गाडीच्या कंपनीचं, छापील किंमत २,१००, सर्व करांसह. बाई गुणाकार करतात: १,७८० अधिक १८ टक्के, २,१०० रुपये ४० पैसे. चाळीस पैसे सोडले तर सर्व्हिस सेंटरनं पॅडचा भाव चढवलेला नव्हता. छापील किमतीत कर धरलेला असतो, तिच्यावर पुन्हा जीएसटी लावला असता तर गोष्ट वेगळी. दुसरं खोकं ब्रेकचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीचं, छापील १,६५०, दुकानदार देतो १,४५० ला. असं दुसरं खोकं हातात मिळणं गृहीत धरू नये. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना खुली ठेवत नाहीत म्हणून भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता. मिस्त्रीला त्यातलं काही ठाऊक नाही. त्याला खोक्यावरचा होलोग्राम आणि दुकानाचं पक्कं बिल पाहिजे असतं, नकली पॅडही सुबक खोक्यातच येतात.

बेरीज: पॅड १,४५०, पिनकिट १८०, फ्लुइड २९०, मजुरी १,४००. एकूण ३,३२०.

मी लगेच म्हणतो, "साडेअकरा हजार वाचले!"

"तसं नाही होत," बाई म्हणतात आणि कागदाच्या मागे नवा हिशोब मांडतात. सर्व्हिस सेंटरच्या यादीतून जेवढं खरंच लागतं तेवढंच: पॅड १,७८०, फ्लुइड ३१०, त्यांची मजुरी ६५० आणि ६००. ३,३४०, कर धरून ३,९४१. "तीन हजार तीनशे वीसची तुलना ह्याच्याशी करायची. फरक सहाशे एकवीसचा."

त्यातही बराचसा करच. मिस्त्रीची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे, त्याला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, तो मजुरीवर कर लावत नाही आणि लावूही शकत नाही. पिनकिट आणि मागची साफसफाई तिकडे पुन्हा वेगळी पडली असती, पण तरीही सर्व्हिस सेंटर चोर आणि गॅरेज साव असा निकाल या आकड्यांतून निघत नाही. दर दोघांचेही रास्त आहेत. चौदा हजार झाले ते दरांमुळे नाही, न मोजता लांबवलेल्या यादीमुळे.

कामाला तासभर लागतो. पिन घासून, बूट बदलून, ब्रेकचं खास ग्रीस लावून कॅलिपर आता एका बोटानं सरकतं. मिस्त्री सी-क्लॅम्पनं पिस्टन मागे दाबतो, तो न अडखळता आत जातो, म्हणजे कॅलिपरला आणखी काही नको. मग ब्लीडिंग. बाई स्वतः ड्रायव्हरच्या सीटवर बसतात.

"दाबा. सोडा. दाबा. आता दाबून धरा!"

निपल सैल होतो, पारदर्शक नळीतून काळपट फ्लुइड आणि दोन-चार बुडबुडे बाटलीत येतात.

"खाली गेलं!" बाई आतून ओरडतात.

"जाऊ दे, पाय काढू नका! हां... आता सोडा."

चारही चाकांना असंच, लांबच्या चाकापासून सुरुवात करून. याच गडबडीत सीटवरचा फोन वाजतो. बाई पाय पेडलवर तसाच दाबून स्पीकर लावतात. ॲडव्हायझरनं मॅनेजरला विचारलंय, मजुरीवर वीस टक्के सूट मिळेल.

"चार हजारांचे वीस टक्के आठशे, करासकट ९४४," बाई म्हणतात. "आणि डिस्क?"

"डिस्क घ्यावीच लागेल मॅडम."

"मग राहू दे, बाळ. माझा पाय अडकलाय."

गाडी गल्लीत एक फेरी मारून येते. पेडल वरच लागतं, ओढ गेलीय. मिस्त्री बजावतो की दोन-तीनशे किलोमीटर करकचून ब्रेक मारायचा नाही, नवी पॅड डिस्कवर बसू द्यायची. जुनी पॅड तो भंगाराच्या डब्याकडे भिरकावणार तेवढ्यात बाई हात पुढे करतात. चारही पिशवीत जातात. दुकानाचं पक्कं बिल त्या वेगळं मागून घेतात, आणि मिस्त्रीच्या डायरीच्या पानावर सही करायला लावतात.

"किलोमीटर लिहा."

मिस्त्री वाकून मीटर बघतो, लिहितो.

"कुठले पॅड, ते पण. आणि त्याखाली डिस्कची जाडी."

"ती कशाला बाई?"

"दोन वर्षांनी पुन्हा कोणीतरी बदला म्हणणारच आहे."

मिस्त्री कानामागचं पेन पुन्हा काढतो आणि लिहितो: डावी १६.२. मग उजव्या डिस्कचा आकडा पोरानं फरशीवर कुठे लिहिलाय ते शोधायला लागतो.